पडण्याचे फोटो राहिले

लग्न झाल्यावर गल्लीतल्या बायका विचारायच्या, तुझा नवरा पैलवान, मग गदा किती मिळवल्या? मी बेधडक सांगायची, घरात जागा न्हाई, तालमीत ठेवल्यात. खरं म्हणजे ह्यांनी मैदानात साधा नारळसुद्धा जिंकला नव्हता. पहाटे तालमीत जाऊन मोठ्या पैलवानांचा सराव करून घ्यायचा, म्हणजे त्यांच्या डावांवर पडायचं, आणि मग बाजारात गुळाच्या ढेपा उचलायला जायचं, हा ह्यांचा दिवस. मैदान मारलं की फेटा मोठ्या पैलवानाला, आणि आमच्या घरी पाठीला लावायचं तेल संपलेलं. मला त्याची फार लाज. नाक इतकं वर असायचं माझं, की पाऊस आला असता तर आत पाणी गेलं असतं.

दोन हजार सालानंतरची गोष्ट. लेक कॉम्प्युटर शिकत होती. शेवटच्या वर्षाला तिनं आणि वर्गातल्या एका मुलानं कुस्ती-मारामारीचा व्हिडिओ गेम करायला घेतला. मुख्य पैलवान तयार झाला होता, त्याचा जोडीदार राहिला होता. बटण दाबलं की हा पैलवानाच्या मदतीला धावत येणार, दोन डाव टाकणार, चार मार खाणार आणि निघून जाणार. त्याची एकेक हालचाल ठरवायची, खऱ्या माणसाकडून करून घ्यायची, तिचे ओळीनं फोटो काढायचे आणि कॉम्प्युटरवर जोडायचे. लेक वडलांना म्हणाली, जोडीदार तुम्हीच व्हा.

हे सगळं नीट ऐकून घेऊन म्हणाले, "म्हंजे मी रोज करतो त्येच की."

रविवारी गच्चीवर दोरीला पांढरी चादर बांधली. लेक उसना आणलेला कॅमेरा उलटासुलटा करून बघत होती. ह्यांनी आपण होऊन गादी अंथरली. लेकीला आधी डाव पाहिजे होते. हे म्हणाले, आधी पडणं घे, ते अवघड. आणि पडून दाखवायला लागले. ढाकेच्या डावावर पडणं वेगळं, धोबीपछाडीवर पडणं वेगळं. एवढा देह, पण मांजर भिंतीवरून उतरावं तसा खाली येत होता. मधेच उठून समजावत होते, की पडणारा आखडला तर टाकणाऱ्याचा डाव कच्चा राहतो आणि दोघांपैकी एकाचं हाड मोडतं. इतकं बोलताना मी ह्यांना कधी ऐकलं नव्हतं. मी चहा घेऊन जिन्याच्या तोंडाशी उभी, आणि माझ्या डोक्यात काय? तर खालची शेजारीण कपडे वाळत घालायला वर आली तर काय म्हणेल.

"अवो, तालमीत पडताय ते पडताय," मी म्हटलं. "आता पोरीच्या खेळातबी पडायचंच व्हय?"

ह्यांनी अंगाची धूळ झटकली. लेक म्हणाली, पडल्याशिवाय जोडीदार पुरा कसा होणार? मी म्हटलं, मग पडायला दुसरं कुणीतरी बघ. ह्यांनी गादी गुंडाळली आणि मी सांगितलं तसं तक्क्याला खांद्यावरून आपटलं, मांडी थोपटली, मिशीला पीळ दिला. मी बाजूला उभी राहून हुकूम सोडत होते: छाती पुढं, नजर वर. जिनं तालमीच्या उंबऱ्याला कधी पाय लावला नव्हता, ती बाई पैलवान घडवत होती.

पडण्याचे फोटो लेकीनं वर्गातल्या त्या मुलाचे काढले. काटकुळं पोरगं, डोळे घट्ट मिटून पडायचं. कॉम्प्युटरवर त्याला मिशा लावल्या, दंड फुगवले. गेम झाल्यावर हे खुर्ची ओढून बघायला बसले. जोडीदार आला, त्यानं डाव टाकला, हे हसले. मग त्याला मार बसला आणि तो भरली कळशी निसटावी तसा पडला.

"मान मोडंल त्याची," हे म्हणाले. मग हळूच लेकीला, "परत घेऊया का?"

पण गेम कॉलेजात देऊन झाला होता. सुट्टीत घेऊ, लेक म्हणाली. सुट्टीत तिला पुण्यात नोकरी लागली. पुढं ह्यांचे गुडघे गेले, आणि मग हेच गेले.

मध्यंतरी नातवंडांना दाखवायला लेकीनं तो गेम शोधून चालू केला. मला जोडीदाराचं बटण तेवढं येतं, ते मी दाबत बसले. हे धावत यायचे, छाती पुढं, नजर वर, पार माझ्या हुकमातले. मार बसला की ते परकं पोरगं पडायचं.

लेक म्हणाली, "आई, बाबा पडायचे कसे? तू सांग, मी चितारून बघते."

हनुवटी छातीला लावायचे. पाठ गोल करायचे. एवढं सांगितलं.

"आणि हात? आधी कुठला टेकायचा? मी तेव्हा कॅमेऱ्याशीच झगडत होते."

मी डोळे मिटून गच्ची आठवली, चादर आठवली. हात काही दिसेना. त्या वेळी मी जिन्याकडं बघत होते, कुणी येतंय का म्हणून. तिला म्हटलं, ऱ्हाऊ दे, आहे तसंच असू दे. तिनं पेन्सिल खाली ठेवली.