उघडणारी चौकट

दुबईत अल कुसैसला आमच्या ऑफिसच्या खालीच खैरुद्दीनभाईंचं फ्रेमचं दुकान होतं. माणूस रत्नागिरीचा, हाताने सोन्यासारखा आणि स्वभावाने आडमुठा. फ्रेम अशी बंद करायचे की उघडायचा प्रश्नच नको. मागे सरस, त्यावर खिळे, वरून कागदी पट्टी. "घ्या बाई, कयामतपर्यंत उघडायची नाही," असं म्हणून ती माझ्या हातात ठेवायचे. कुणाला ती उघडायची असेल, हे त्यांच्या डोक्यातच येत नसे.

दुकानाचंही तसंच. मुलगी इन्शा डिझाइन शिकून आलेली, हुशार, दुकानात रमणारी. तिला दुकान हवं होतं आणि ती ते लपवतही नव्हती. पण विषय निघाला की भाई म्हणायचे, "माझ्यानंतर तुझंच आहे." त्या 'नंतर'ला अंत नव्हता. त्यांच्या वडिलांनीही रत्नागिरीच्या दुकानाची चावी मरेपर्यंत कमरेला ठेवली होती. भाईंना ती मिळाली तेव्हा केस पांढरे व्हायला लागले होते.

दोन हजार आठच्या शेवटी आमच्या कंपनीने होणाऱ्या टॉवरांची भलीमोठी चित्रं त्यांच्याकडे फ्रेमला दिली. फ्रेम तयार झाल्या आणि इकडे टॉवरही बोंबलले, कंपनीही. न्यायला कुणी येणार नाही हे सांगायला मलाच खाली जावं लागलं, तेही स्वतःचं राजीनामापत्र पर्समध्ये घेऊन. भाईंनी चहा मागवला. काचा आणि पट्ट्या तरी परत वापराव्यात म्हणून फ्रेम खोलायला घेतल्या, तर एकही खुलेना. शेवटी छिन्नीने फोडल्या.

"अब्बा, आय टोल्ड यू," इन्शा म्हणाली. भाई फुटलेल्या काचा गोळा करायला लागले.

त्याच पडत्या काळात रेहेमाबाई आली. टांझानियाची व्यापारी, दार-ए-सलामहून माल न्यायला दुबईत यायची. मला काम नव्हतं, म्हणून मी भाईंच्या दुकानातच बसलेली असायची. तिला हव्या होत्या रिकाम्या फ्रेम, आणि पाठ उघडणाऱ्या.

"उघडणाऱ्या कशाला?" भाई.

"आमच्याकडे दुकानादुकानात राष्ट्राध्यक्षांची तसबीर असते. दोन मुदती झाल्या की माणूस बदलतो. दर वेळी नवी फ्रेम कोण घेणार?"

तसबिरींचं भाईंना नवल नव्हतं, आपल्या शेखांच्या तसबिरी त्यांनी कितीतरी केल्या होत्या. पण माणूस बदलतो? मग चौकशीच सुरू झाली. मी इंग्रजी-हिंदीची सांधेजोड करत होते.

"पहिला कोण?"

"न्येरेरे. स्वातंत्र्यापासूनचे. त्यांची फ्रेम बंद केलीत तरी चालेल, ते भिंतीवरून उतरत नाहीत. पण खुर्चीवरून उतरले, आपणहून. मग म्विन्यी, मग म्कापा, आता किक्वेते."

"कुणी मारलं नाही? हाकललं नाही?"

"नाही."

"मग जुने जातात कुठे?"

"घरी," रेहेमाबाई हसली. "नव्याच्या शपथविधीला येतात की. पुढच्या रांगेत बसतात."

भाई माझ्याकडे वळून कोकणीत म्हणाले की ही बाई थापा मारते. तरी काम घेतलं, आणि ते इन्शाने केलं. मागे पितळी फिरक्या, बोटाने फिरवल्या की पाठ मोकळी. भाईंनी एक फ्रेम चारदा उघडून मिटून पाहिली आणि तोंड वाकडं करून म्हणाले, "खेळणं आहे." पण रेहेमाबाई दर खेपेला त्याच मागायची. मंदीतून दुकान त्या खेळण्यांनीच तारलं. पुढे मला जबल अलीत नोकरी लागली, तरी शुक्रवारी माझी चक्कर असायची. भाईंचा पहिला प्रश्न ठरलेला, "तुमच्या टांझानियात कोण आहे हल्ली?" जसं काही माझं माहेरच तिकडे. दोन हजार पंधरात किक्वेते मुदत संपवून गेले, मागुफुली आले. भाईंनी मोबाइलवर शपथविधी शोधायला लावला आणि पुढच्या रांगेतले म्हातारे निरखत बसले. "खरं बोलत होती बाई," म्हणाले. पण दुकानाची चावी खिशातच राहिली.

दोन हजार एकवीसच्या मार्चमध्ये मी गेले तेव्हा इन्शा मोबाइल धरून उभी होती. रेहेमाबाईने फोटो पाठवला होता. तिच्या दुकानाची भिंत, आमचीच जुनी फ्रेम, आणि आत डोक्यावरून ओढणी घेतलेली एक बाई. मागुफुली पदावर असतानाच वारले होते, आणि उपाध्यक्ष सामिया अध्यक्ष झाल्या होत्या.

"फ्रेम तीच?" भाईंनी विचारलं.

"तीच, अब्बा. सेम वन."

भाईंनी मोबाइल हातात घेतला. "त्या मागुफुलीला पुढच्या रांगेत बसायला नाही मिळालं," ते म्हणाले. मग खाली बघत पुटपुटले, "आमच्या अब्बांनाही नाही. मी गल्ल्यावर बसलेला त्यांनी कधी बघितलाच नाही." त्यांनी बाहीने डोळे पुसले. मला वाटलं होतं हा माणूस लाकडाचाच आहे.

महिन्याभराने दुकानाचं लायसन इन्शाच्या नावावर झालं. मी पेढे घेऊन गेले. इन्शाची आई, सुरैय्याभाभीही आल्या होत्या. इन्शा गल्ल्यामागे उभी होती, जरा कावरीबावरी. भाईंची खुर्ची तिच्या शेजारी तशीच मोकळी होती.

"अब्बा, कम, सिट हियर," ती म्हणाली.

"खलास. ती तुझी."

त्यांनी कोपऱ्यातलं गिऱ्हाइकांचं स्टूल ओढलं, गल्ल्याच्या बरोबर समोर मांडलं आणि त्यावर ऐसपैस बसून तिच्याकडे बघत म्हणाले, "मी इथेच बरा. पुढच्या रांगेत."