सासऱ्यांच्या घोडीचा हिवाळा

मी घोड्यांना घाबरतो. हे आधीच सांगून टाकलेलं बरं, कारण आमच्याकडे हा किस्सा निघाला की बायको सुरुवात इथूनच करते. स्वतःच्या लग्नाच्या वरातीत मी घोडीवर बसलो नाही, पायी चालत गेलो. मुलीकडच्यांना वाटलं, काय साधा मुलगा आहे! खरं कारण एवढंच, की मी जवळ गेल्यावर घोडीने मान वळवून माझ्याकडे बघितलं होतं.

ती घोडी सासऱ्यांची होती. सासरे घाटकोपरचे. गिरणी बंद पडल्यावर त्यांनी दहा कामं धरली, दहा सोडली आणि शेवटी वरातीला घोडी द्यायचा धंदा धरला, तो मात्र सुटला नाही. मी सांगतोय ती घोडी माझ्या लग्नातल्या घोडीनंतरची दुसरी. पांढरी, उंच. तिला एक नाव होतं, पण ते सासरेच घ्यायचे. दुसऱ्या कुणी घेतलं तर ती कान मागे पाडायची, त्यामुळे आम्ही सगळे तिला आदराने 'घोडी'च म्हणायचो.

चार वर्षांपूर्वी डिसेंबरच्या सुरुवातीला सासरे न्हाणीघरात पाय घसरून पडले. अर्धं आयुष्य घोड्यांच्या पायांत वावरलेला माणूस साबणाच्या वडीने पाडला. खुब्याचं हाड मोडलं, ऑपरेशन झालं. दवाखान्यात शुद्धीवर आल्या आल्या त्यांनी विचारलं, "घोडीचं काय?" कुणी काही बोलायच्या आत माझी बायको म्हणाली, "आमच्याकडे येईल."

मी हसलो. त्या खोलीत हसणारा मी एकटाच होतो.

आमचं घर बोरीवलीला, नॅशनल पार्कच्या बाजूला अगदी शेवटच्या गल्लीत. बैठं घर, मागे वडिलांनी स्कूटरसाठी बांधलेली पत्र्याची शेड. स्कूटर बाहेर गेली, घोडी आत आली. टेम्पोतून उतरताना तिने माझ्याकडे मान वळवून बघितलं. म्हटलं, ही नजर खानदानी आहे.

आता थंडीचं. मुंबईत थंडी म्हणजे चार दिवसांची पाहुणी. आपण स्वेटर उन्हात टाकेपर्यंत तिची जायची वेळ होते. त्या वर्षी ती आली आणि उठायचं नावच घेईना. डिसेंबर गेला, संक्रांत गेली, तरी सकाळी पार्काकडून असा गारठा यायचा की नळाखाली हात धरवत नव्हता. शेडच्या पत्र्याला आतून दव धरायचं आणि घोडीच्या पाठीवर टपटप गळायचं. तिच्या नाकपुड्यांतून वाफा निघायच्या. मी माकडटोपी घालून तिच्यासमोर उभा राहायचो, माझ्याही तोंडातून वाफा निघायच्या, आणि आम्ही दोघं एकमेकांवर अविश्वास दाखवत उभे असायचो.

मला भीती होती ती बिबट्याची. मागच्याच वर्षी शेजारच्या सोसायटीच्या आवारात एक येऊन गेला होता. म्हणून मी शेडला जाळी ठोकून घेतली, दोन दिवे लावले, कडीला साखळी घातली. दुसरी भीती गारठ्याची. माझ्या आईने जुन्या लुगड्यांची गोधडी शिवून घोडीच्या पाठीवर बांधली. फुलाफुलांची गोधडी पांघरलेली घोडी बघायला गल्लीतले लोक यायला लागले.

सासरे रोज सकाळी फोन करायचे. "जावईबापू, थंडीत घोडं पाणी कमी पितं. बादली तोंडापुढे धरायची आणि ती पिते का ते स्वतःच्या डोळ्यांनी बघायचं. आणि कोंडा भिजवूनच द्यायचा, ऐकताय ना?"

"हो हो," मी म्हणायचो. बँकेत कागदांवर सह्या घेताना तिथले लोक काहीतरी समजावतात तेव्हा म्हणतो तसं.

पण आमच्या घरात थंडीचा कायदा आईचा. आई मूळची मालवणकडची, आणि थंडीत गार पाणी प्यायलं की छाती भरते, यावर तिची ब्रह्मदेवानेही बदलू नये अशी श्रद्धा. आम्हा भावंडांना तिने मार्च उजाडेपर्यंत गार पाण्याला हात लावू दिला नव्हता. तेव्हा घोडीने काय घोडं मारलं होतं? आई पातेलंभर पाण्यात ओवा आणि सुंठ उकळायची आणि कोमट करून ते बादल्यांत ओतायची. घोडी वास घ्यायची, मान वर करायची आणि वरचा ओठ उलटा करून पिवळे दात दाखवायची.

"बघ, हसता कशी!" आई खूश व्हायची.

ओल्या कोंड्याचंही तेच. "ह्या गारठ्यात ओला खाणा देतत काय रे कोणी? पोट बिघडात तिचा." मग कोंडा कढईत परतून, कोरडाच, वर गुळाचा खडा ठेवून. तो ती खायची.

बादली तोंडापुढे धरायला मी जात नव्हतो. बादली तिच्या तोंडाजवळ, म्हणजे माझे हात तिच्या दातांजवळ. रात्री दोन बादल्या भरून ठेवायच्या आणि सकाळी सात वाजता जाळीतून बघायचं. रोज दोन्ही रिकाम्या! मी सासऱ्यांना अभिमानाने कळवायचो, "दोन्ही बादल्या सफाचट." तिकडून समाधानाचा हुंकार यायचा.

संक्रांतीनंतरच्या एका सकाळी शेडची जमीन स्वच्छ होती. आदल्या दिवशी लीद म्हणून तीन-चार छोटे, सुके, टणक गोळे तेवढे पडले होते, आज तेही नव्हते. आणि मला, सांगायला लाज वाटते, आनंद झाला. झाडायचं वाचलं.

मग दिसलं की कोंडा तसाच आहे. घोडी पुढच्या पायाने जमीन खरवडत होती. थोडं खरवडायची आणि मान वळवून स्वतःच्या पोटाकडे बघायची, जणू तिथे कुणी हाक मारतंय. गोधडी बाजूला केली तर खाली घामाने चिंब. बाहेर तोंडातून वाफ निघतेय आणि हिला घाम! मी बघत असतानाच तिने गुडघे मोडले आणि जमिनीवर अंग टाकलं.

बायकोने प्राण्यांच्या डॉक्टरला फोन लावला. डॉक्टरबाई म्हणाल्या, निघते, पण दोन तास लागतील. मग बायकोने माझ्या हातात फोन दिला. "बाबांना तू सांग."

"मी?"

"रोज रिपोर्ट तूच देतोस ना?"

सासऱ्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "लीद कधी टाकली?"

मी त्या स्वच्छ जमिनीकडे बघितलं.

"उठव तिला," ते म्हणाले. लग्नाला बावीस वर्षं झाली होती, त्यांनी मला कधी एकेरी हाक मारली नव्हती. "आत्ता उठव. ती लोळली तर आतडं पिळतं. आतडं पिळलं की घोडी गेली. ऐकतोस ना? उठव आणि चालव."

मी शेडमध्ये शिरलो. दोरी धरली, ओढली. ती हलेना. बायकोने मागून थोपटलं, मी पुढून ओढलं, आणि कुठल्या देवाचं नाव घेतलं ते आठवत नाही, पण ती उठली. आणि उठल्यावर जे झालं ते जास्त भयंकर होतं. तिने डोकं माझ्या खांद्यावर टेकलं. एवढं मोठं, गरम, जड डोकं. चावेल याची भीती मला बावीस वर्षं वाटत आली होती. ती चावली असती तर बरं झालं असतं. तिच्यात चावायचीही ताकद नव्हती.

आम्ही गल्लीत चालायला लागलो. कोपऱ्यातल्या किराणावाल्यापर्यंत जायचं, परत यायचं. वरून एकाने ओरडून विचारलं, "काय काका, वरात कुणाची?" मी वर बघितलं, तर तो माणूस गॅलरीतून आत गेला. दर चार पावलांनी ती थांबायची, पोटाकडे बघायची, गुडघे वाकवायची. "नाही, नाही, चल बाई, चल," मी म्हणत राहिलो. डोळ्यांसमोर एकच चित्र: सासऱ्यांची खाट, आणि तिच्या बाजूला मी उभा, घोडी गेली म्हणून सांगतोय.

डॉक्टरबाई स्कूटीवरून आल्या. आमच्या मुलीपेक्षा थोड्याच मोठ्या. त्यांनी घोडीच्या मानेची कातडी चिमटीत धरून सोडली. कातडी तशीच उभी राहिली, खाली बसेना.

"पाणी किती पिते?"

"रात्रीच्या दोन बादल्या," मी ताठ उभा राहून म्हणालो. "सकाळी रिकाम्या असतात. एक दिवस चुकलेला नाही."

दारात उभी असलेली आई म्हणाली, "रिकामी मी करतंय मा रे."

"म्हणजे?"

"पहाटे उठल्यावर. रात्रीचा शिळा पाणी ठेवू नये. पपयेच्या झाडाक घालतंय." आणि मग हळू आवाजात, "आधी थोडा तरी पियत होती, चार दिवस झाले भरलेलीच असतत. माका वाटला, दुपारी पिता असात."

दुपारी आईला वाटायचं मी देतो. मला वाटायचं ती रात्रीच भरपूर प्यायलीय. डॉक्टरबाईंनी बादलीचा वास घेतला, कढईतला कोंडा बघितला आणि आमच्याकडे एकेक करून बघितलं. रागावल्या असत्या तरी चाललं असतं. त्यांनी सरळ बॅग उघडली. इंजेक्शन दिलं. नाकपुडीतून लांब नळी पोटात घालून तेल आणि मिठाचं पाणी सोडलं. दोरी मीच धरली होती. आत सगळं सुकून अडकलंय, त्या म्हणाल्या. संध्याकाळपर्यंत लीद पडली तर वाचली. नाही पडली तर ऑपरेशन, "आणि तिथपर्यंत टेम्पोत ती उभी राहील असं मला वाटत नाही."

त्या दिवशी घरात कुणी जेवलं नाही. थोडं चालवायचं, थोडं थांबायचं. आई शेडच्या दाराशी स्टुलावर बसून होती. सासरे तासातासाला फोन करायचे आणि एकच शब्द विचारायचे, "पडली?" "नाही," म्हटलं की फोन बंद. त्यांना पाण्याचं कुणीच सांगितलं नव्हतं. तीनच्या फोननंतर त्यांनी विचारायचंही सोडलं, नुसते श्वास ऐकू यायचे.

साडेपाचला ऊन पार्काच्या टेकडीवर चढलं आणि पुन्हा गारठा सुटला. घोडी शेडमध्ये उभी होती, मान खाली. मी तिच्या मागे उभा होतो. मागे उभं राहायचं नसतं, हे माहीत असूनही. तिने शेपूट उचललं. तेलाने माखलेले, काळपट, लहान लहान गोळे खाली पडले. मी बायकोला हाक मारायला गेलो आणि आवाजच फुटला नाही. मी हातानेच खुणा करत राहिलो. तिला वाटलं घोडी गेली. बायको तशीच मटकन खाली बसली.

डॉक्टरबाईंना फोन केला. त्या म्हणाल्या, आता साधं पाणी द्या, अर्धी अर्धी बादली, घाई नको. प्यायली तर मी आज झोपेन, असंही म्हणाल्या.

आईने माझ्या हातून मोबाईल घेतला आणि तिच्या व्याह्यांना लावला. "पडली," ती म्हणाली, आणि मग, तिकडून काही यायच्या आत, "तुमका सगळे फशवतत. ती पाणी पियतच नव्हती. मी झाडाक ओतत होतंय. जावयाक बोलू नकात, माका बोला."

मग सासऱ्यांचा आवाज आला, अगदी बारीक. "विहीणबाई, नळाचं साधं पाणी द्या तिला. मी थांबतो फोनवर."

मी अर्धी बादली भरली आणि दोन्ही हातांनी तिच्या तोंडापुढे धरली. तिने वास घेतला. ओठ उलटा केला नाही. नुसतीच उभी राहिली, माझ्या बोटांवर गरम श्वास सोडत. आईने फोन बादलीजवळ आणला. मग तोंड पाण्यात गेलं आणि तिच्या गळ्यातून घोट उतरताना दिसायला लागले, एकामागून एक.

"येतोय आवाज," फोनमधून सासरे म्हणाले. "दुसरी आणून ठेवा."

दुसरी बायकोने आणली. मी जागचा हललो नाही. हात भरून आले होते, पाणी बाहीतून कोपरापर्यंत शिरत होतं, गार. पण मी हललो आणि ती प्यायची थांबली तर, ही भीती होती.