वन्संनी खटका पाडला

आमच्या वन्संना, म्हणजे माझ्या थोरल्या नणंदेला, राजकारणाचं अगदी वावडं. "कोणी का निवडून येईना, आपल्याला कॉलरच जोडायच्यात," म्हणायच्या. शर्टाच्या कारखान्यात त्या कॉलर जोडायच्या, शेजारच्या मशीनवर मी बाह्या. घरी आमचं विळ्याभोपळ्याचं सख्य, पण कामावर एकाच डब्यात जेवायचो.

फळीवर रेडिओ असायचा. दुपारी गाणी संपली की लोकांच्या फोनचा कार्यक्रम लागायचा. पाणी, रस्ते, दिवे, कशावरूनही माणसं भांडायची. वन्सं आधी कुरकुरल्या, मग हळूहळू रेडिओलाच उत्तरं द्यायला लागल्या. "रडतोय काय नुसता, मत दिलंय ना, मग जाऊन जाब विचार." हात कॉलरवर, लक्ष तिकडे. मला मेलीला हसू आवरायचं नाही.

मग एके दिवशी त्याच रेडिओवर कळलं, आमची संध्याकाळची बस बंद होणार. वन्संचे गुडघे कामातून गेलेले. बस नाही तर नोकरी नाही, इतकं सरळ होतं. त्या दिवशी डबा तसाच राहिला. दुसऱ्या दिवशी कार्यक्रम लागला तशा त्या उठल्या आणि सुपरवायझरच्या टेबलावरून फोन लावला.

आणि लागला की हो. आम्ही सगळ्या कान टवकारून रेडिओकडे बघतोय, तर निवेदक म्हणाला, "ताई, आधी तुमच्याकडचा रेडिओ बंद करा, आवाज घुमतोय." आता आमच्या रेडिओला धड बटण कुठलं? त्याची वायर थेट मशीनच्या लाइनला जोडलेली. बंद करायचा तर भिंतीवरचा मोठा खटका पाडायचा. वन्संनी मागेपुढे न बघता पाडला.

सगळी मशीनं गप्प झाली. मालक केबिनमधून धावत आले. वन्संनी त्यांना हातानेच थांबवलं आणि फोनवर म्हणाल्या, "आजवर मीच म्हणायचे, आपल्याला काय त्याचं. बस बंद करणारे काही बसने जात नाहीत. त्यांनी एकदा आमच्या थांब्यावर येऊन उभं राहावं. नाही आले तर मीच जाणार आहे त्यांच्या सभेत." मालकही ऐकत राहिले. खटका वर करायचं कोणालाच सुचलं नाही.

सभेत आम्ही सगळ्याच गेलो, वन्सं पुढे. बस राहिली.

आता वन्सं नाहीत. भांडायला कोणी उरलं नाही, घर खायला उठतं. त्या दिवशी गावभर त्यांचा आवाज ऐकू गेला, माझ्या माहेरीसुद्धा. आई अजून सांगते, रेडिओवर तुझी नणंद काय छान बोलली. मीच तेवढा तो रेडिओवर ऐकला नाही. आमचाच रेडिओ बंद होता ना.