तापी धरून उडणारे कॅप्टन

कॅप्टन म्हटल्यावर तुम्ही कडक टोपी, खांद्यावर सोनेरी पट्ट्या असलं काहीतरी डोळ्यांसमोर आणलं असेल. काढून टाका. तापीच्या खालच्या अंगाला, गुजराती मुलखात असलेल्या आमच्या नवागामचे कॅप्टन बनियनवर उडायचे, आणि विमान उतरवायच्या आधी आत आवाज द्यायचे, "मिक्सर लावू नको गं, लाइट डीम होते."

कॅप्टन म्हणजे शेजारचे काका, कापडाच्या कारखान्यात माग दुरुस्त करणारे मास्टर. जुना कॉम्प्युटर आणून त्यात त्यांनी लिनक्स टाकलं होतं, कारण "ते आत हात घालू देतं." त्यावर विमान उडवायचा गेम. मागावर धोटा एकदा आडवा गेला की एक पिक. काकांच्या हिशोबात पडद्यावरचं चित्र एकदा बदललं की तेही पिकच. "आज सेकंदाला बारा पिक. बारा पिकांत विमान उडत नाही, लंगडतं."

ही सगळी खटपट काकूंसाठी. माहेर शिरपूरकडे, तापीकाठी. वाटणीवरून भावांशी अबोला झाला, त्याला वीस वर्षं झाली. "रस्त्यानं जात नाही म्हणते ना, मग वरून नेतो," काका म्हणायचे. आणि आता तर दोघं पुण्याला लेकीकडे राहायला निघाले होते, कॉम्प्युटर इथंच देऊन.

जायच्या आठवड्यात त्यांना फॉल्ट सापडला. "चित्रं काढायचं कार्ड रिकामं बसलंय रे. सगळी चित्रं प्रोसेसर एकटा काढतोय. एक कारागीर चार माग ओढतोय, बाकीचे तंबाखू मळतायत." ड्रायव्हर बदलला, ढग-झाडं बंद केली. चाळीस पिक.

रविवारी दुपारी ते काकूंना बोलवायला आत गेले, तेवढ्यात मी शान म्हणून ढग, झाडं सगळं फुल केलं. काकू येऊन बसल्या, विमान तापी धरून वर निघालं, उकाईचं धरण ओलांडलं, आणि शिरपूरजवळ चित्र गच्च अडकलं. गाव नव्हतंच तिथं. हिरवा पट्टा आणि निळी रेघ. काकूंनी काचेवर बोट टेकवलं.

"नदी ते आमनीच शे," त्या माहेरच्या बोलीत म्हणाल्या. गाव नसलं तरी नदी तर त्यांचीच होती.

मी लगेच गुजराती एअर होस्टेसचा आवाज काढून माहेर आल्याचं जाहीर केलं, "मुसाफरो, पियर आवी गयुं छे, पट्टो छोडशो नहीं." कोणी हसलं नाही. काकूंनी पदर डोळ्यांना लावला आणि आत गेल्या.

काकांनी मला कान धरून गॅलरीत नेलं.

"ढग तू लावलेस, कळलं मला. विमान अडकलं, चालतंय, उलट बरं झालं, बघता आलं तिला. पण वीस वर्षांनी ती माहेराशी बोलत होती, आणि तू मधी घुसलास. दोन मिनिटं गप बसता येत नाही का तुले?"