काकूंचं उलटं बोलणं

"कसलं ध्यान आलंय हैदराबादेहून. चार दिवस टिकलं तर नशीब."

स्वयंपाकघरातून हे ऐकू आलं तेव्हा मी सेलूच्या काकूंच्या ओसरीवर, माझ्या ट्रंकेवर बसले होते. शहरातल्या दंग्याधोप्याच्या, गडबडीच्या दिवसांत माझी इंग्रजी शाळा बंद पडली, म्हणून वडिलांनी मला त्यांच्या चुलतभावाकडे पाठवलं होतं. दुपारभर मी रडले. काकूंइतकं उलटं बोलणारं माणूस निजामाच्या अख्ख्या राज्यात नाही, हे मला तेव्हा कोण सांगणार?

शाळेत आम्ही 'आयरनी'चे तीन प्रकार पाठ केले होते. बोलायचं एक आणि अर्थ उलटा, हा पहिला. करायला जावं एक आणि व्हावं भलतंच, हा दुसरा. सगळ्यांना ठाऊक असलेली गोष्ट एकालाच ठाऊक नसावी, हा तिसरा. मला पैकीच्या पैकी गुण होते आणि काकूंपुढे त्यांचा काडीचा उपयोग नव्हता. चरवी भरून दूध देणारी म्हैस ही त्यांची 'दळभद्री'. नव्या फेट्यात काका रुबाबदार दिसले की ते 'बुजगावणं'. उलट तहसील कचेरीतल्या पेशकारांची बायको बेसूर गाऊ लागली की काकू मान डोलवायच्या, "बाईसाहेब, गळा हाय का सतार." बाईसाहेब खूश होऊन आणखी चार गाणी म्हणायच्या आणि इकडे काकूंची भाकरी करपायची. मला वाढताना म्हणायच्या, "खा गं काळे, तुझ्यापायी घर बुडायलंय," आणि तुपाची धार काही थांबायची नाही.

एकदा काका हळूच म्हणाले, "दोन लेकरं गेली तिची. लय कौतुक करायची त्यांचं. तवापासून आवडलेल्याला चांगलं म्हणत न्हाई. दृष्ट लागंल म्हणती."

म्हणजे तिसऱ्या प्रकारातलं ते एकटं माणूस मीच होते.

पुढे सेलूतही दिवस बिघडले. मला मनमाडच्या गाडीनं नाशिकला मामांकडे धाडायचं ठरलं. काका-काकू मागेच राहणार होते. फलाटावर काकूंनी खिडकीतून दशम्यांचं गाठोडं दिलं. आता 'जा एकदाची' म्हणतील, म्हणून मी वाट पाहत होते. त्यांनी माझ्या गालावरून हात फिरवला.

"लय गुणाची हाईस गं पोरी."

आणि लगेच पदर तोंडावर धरला. शब्द निसटून गेला होता. त्यांचे डोळे इतके भ्यालेले मी कधी पाहिले नव्हते. शिट्टी झाली, गाडी हलली.

चारचौघांत माझा आवाज कधी फुटत नसे. त्या दिवशी मी खिडकीतून अर्धी बाहेर वाकले आणि साऱ्या फलाटाला ऐकू जाईल असं म्हणाले, "कसली गुणाची? एक दिवस करमलं नाही मला तुमच्या घरी. तुमची आठवणसुद्धा काढणार नाही मी, काकू."