तिरडीवरून परतलेला बुधाजी

पडदा वर जातो. भातकुलीतलं कुडाचं घर, शेणाने सारवलेली ओसरी, शेजारी बैलांचा गोठा. गोठ्याच्या तोंडाशी बाजेवर बसलेला हाडापेराचा माणूस म्हणजे बुधाजी. साल अडुसष्ट. समोर मुंबईची मंडळी कॅमेरा मांडतायत.

सत्तावन्न साली इथेच 'मसणातले पाहुणे' हा चित्रपट झाला. मेलेली माणसं उठतात आणि गावाला खात सुटतात, अशी गोष्ट. अमरावती-अकोल्यात तो लगेच उतरला. पण जत्रांतल्या तंबूंनी त्याला उचलून धरलं. मूर्तिजापूरच्या तंबूत तर मुडद्यांच्या आधी प्रेक्षकच हुंकार देत. तो कसा घडला, याचा माहितीपट करायला ही मंडळी आली होती. मी नाटकातला नट; त्या जुन्या चित्रपटात मांत्रिक होतो, पण चित्रपट बुधाजीचा. पहिला मुडदा तोच. तसं चालणं मी रंगभूमीवरही पाहिलं नाही.

तेव्हा तिरडीवर निजायला कुणी तयार होईना. बुधाजी म्हणाला, "निजतो मी. बायको तं तसंबी मले मुडदाच म्हन्ते."

त्या वेळच्या दिग्दर्शकाला सगळं खरं हवं होतं. तिरडी बुधाजीच्याच दारातून उठली. हे खोटं आहे, असं त्याची आई सत्यभामाबाई हिला सांगितलं होतं. तरी मुलाला बांधलेलं पाहून ती अशी रडली की दृश्य एकदाच घ्यावं लागलं. मग तिने अंघोळ केली, घर सारवलं, गेलेल्या माणसासाठी ठेवतात तसा पिठावर दिवा ठेवला. संध्याकाळी बुधाजी तोंडावरची राख धुऊन आला, तर ती दार अडवून उभी.

"काहून वं माय?"

"ज्या दारातून तिरडी गेली, त्या दारातून मानूस वापस येत नाई."

"अवं, फिलम होती ते!"

"माहं रडनं फिलम नोतं."

तेव्हापासून तो गोठ्यात. बायको मैनाबाई ताट तिथेच आणून देई. तिचं कुंकू मात्र सासूने राहू दिलं. सुरुवातीला बुधाजी रोज विचारी, "आज येऊ का घरात?" पुढे सणासुदीला. मग विचारणंच थांबलं.

हे कळल्यावर मुंबईचा दिग्दर्शक हरखला. म्हातारीपुढे उकिडवा बसून म्हणाला, "आजी, कॅमेऱ्यासमोर त्यांना आत घ्या ना."

"फिलमसाठी नेला, न आता फिलमसाठीच आनता का रे?"

ती उठली, चाचपडत दारापाशी आली. मग चौकट धरून बाजूला सरकली. "ये, बुधा. मले आता दिसतबी नाई, कोन येते न कोन जाते."

मैनाबाईने डोळ्यांना पदर लावला. कॅमेरा घरघरू लागला. बुधाजी उंबरठ्यापर्यंत गेला, आत पाहत उभा राहिला. चेहऱ्यावर काहीच नव्हतं. मग तो वळला आणि परत बाजेवर येऊन बसला.

मी म्हणालो, "अरे, जा ना! तुझीच तर इच्छा होती."

"होती जी, मास्तर. पन आता बैलायले माही सवय झाली."