रक्तात दिसतं तेवढंच सांगणाऱ्या बेंद्रेबाई

डॉ. शालिनी बेंद्रे यांच्या साठीनिमित्त निघणाऱ्या या ग्रंथासाठी मी लिहावं, असा समितीचा निरोप आला तेव्हा मी आधी नाहीच म्हटलं. दिवसभर सुया, नळ्या आणि रडणारी पोरं सांभाळून माणूस पार गळून जातो, त्यात हे लिहिण्याचं काम कुठे अंगावर घ्या! पण बाईंच्या पेणच्या लॅबमध्ये मी या दशकाच्या सुरुवातीपासून त्यांच्या हाताखाली आहे. त्यामुळे सुटका नव्हती.

बाईंची ओळख झाली ती कामाच्या पहिल्याच दिवशी, आणि खरं सांगते, मला त्या अजिबात आवडल्या नाहीत. वडखळहून एक आजोबा आले होते. उजवा हात मांडीवर ठेवला की थरथरायचा. "सगल्या टेस्टी करा बाय, रक्तात काय हाय ते कलू दे," म्हणत त्यांनी बाही वर केली. मी सुई काढली. बाईंनी मला थांबवलं. त्यांनी आजोबांना चालून दाखवायला लावलं, कागदावर नाव लिहायला लावलं, मनगट हलवून पाहिलं आणि म्हणाल्या, "आजोबा, हा कंपवात वाटतोय. मुंबईच्या मेंदूच्या डॉक्टरांना चिठ्ठी देते. पण हा रक्तात दिसत नाही. ज्या दिवशी दिसायला लागेल, त्या दिवशी मी स्वतः तुमच्या घरी सांगायला येईन."

"मंग दुकान कशाला मांडलंय?" असं म्हणून आजोबा तणतणत निघून गेले. मलाही तोच प्रश्न पडला होता. लोक पेणमधून, रोह्याहून, पार खाडीकाठच्या गावांतून हात थरथरतोय म्हणून यायचे, आणि बाई प्रत्येकाला तेच वाक्य त्याच शांतपणे ऐकवायच्या. ऐकून ऐकून माझे कान किटले. एकदा वैतागून म्हटलं, "घ्या ना थोडं रक्त, त्यांचं समाधान तरी होईल." बाई म्हणाल्या, "समाधान होईल गं, पण खोटं होईल."

मग सुगंधा आली. रोह्याच्या वाटेवरच्या निडी गावची मुलगी, पेणला गणपतीच्या कारखान्यात आखणीला होती. आखणी म्हणजे मूर्तीचे डोळे रेखायचं काम. ज्याचा हात सगळ्यांत स्थिर, त्यालाच ते देतात. तिचा हात थरथरू लागला होता आणि जीभही जड झाली होती. कारखान्यात कोणी म्हणे रंगाचा वास बाधला, कोणी म्हणे बाहेरचं काही लागलं. आई, बायजाबाई, तिला घेऊन आली होती. मला वाटलं, झालं, आता बाई ते वाक्य म्हणणार.

बाईंनी आधी वय विचारलं, कारण कंपवात सहसा उतारवयात येतो. विशीतल्या मुलीला त्यांनी खिडकीशी नेलं आणि बॅटरी लावून डोळे पाहिले. बुबुळाच्या कडेनं तपकिरी कडं होतं. "नलिनी, सुई आण," त्या म्हणाल्या. "हे रक्तात दिसेल."

शरीराला नको असलेलं तांबं काही जणांच्या अंगातून बाहेर पडतच नाही. ते यकृतात साठतं, मेंदूत साठतं आणि हात थरथरायला लागतात. अशांच्या रक्तात तांबं वाहून नेणारं एक प्रथिन फार कमी सापडतं, त्याचं नाव सेरुलोप्लाझ्मिन. ही तपासणी आमच्याकडे होत नसे. बर्फाच्या थर्मासात नळी ठेवून बाई स्वतः एसटीनं मुंबईला गेल्या. रिपोर्ट आला आणि शंका खरी ठरली. या दुखण्याला गोळ्या आहेत, आयुष्यभर घ्याव्या लागतात, पण आहेत. बाईंचा चेहरा त्या दिवशी जितका खुलला तितका मी पुन्हा पाहिला नाही.

पण खरी परीक्षा पुढेच होती. हा रोग भावंडांत असू शकतो. सुगंधाची धाकटी बहीण मंदा ठणठणीत दिसत होती, पण आत्ताच रक्त पाहिलं तर हात थरथरण्याआधी तिला वाचवता येणार होतं. दर गुरुवारी आम्ही रोह्याला रक्त घ्यायला बसायचो. परतीच्या वाटेवर बाई मला घेऊन निडीला उतरल्या. घरात शिरताच त्यांची नजर चुलीशेजारच्या घासून लखलखीत केलेल्या तांब्याच्या कळशीवर गेली. कुणीतरी सांगितलं होतं, रात्रभर तांब्यात ठेवलेलं पाणी उपाशीपोटी प्यायलं की नसा घट्ट होतात. बायजाबाईनं थोरलीला ते महिनोन्महिने पाजलं होतं, आणि काही व्हायला नको म्हणून धाकटीलाही.

तांबंच थोरलीला बाधतंय, हे बाईंनी जपून सांगितलं, तरी बायजाबाईनं कळशी दाराबाहेर लोटली. "म्हंजे मीच इष पाजलं गो बाय, दोघींना!" त्यानंतर आम्ही गेलो की मंदा घरात नसायची. मामाकडे गेली, शेतावर गेली, ताप आलाय. शेवटी एकदा बायजाबाई स्पष्टच बोलली, "तिच्या रक्तात काय निगालं तं मी जगनार नाय. मला नाय बगायचं."

तरी बाई दर गुरुवारी निडीला उतरत. ओट्यावर बसत, वालाच्या शेंगांची चौकशी करत, निघून येत. माझा जीव मेटाकुटीला आला. "नको म्हणतायत तर सोडा ना बाई! दिवसभराचे दमलेले आपण." बाईंनी पाय चोळत उत्तर दिलं, "दमलेय तर मीही. पण पुढच्या गाडीला वेळ आहे, तोवर बसू."

एका गुरुवारी त्यांनी पाणी मागितलं. बायजाबाईनं स्टीलचा पेला आणला आणि खाली बघत म्हणाली, "स्टीलचाच हाय." बाई सगळं पाणी प्यायल्या. म्हणाल्या, "माझ्या आईनं मला तांब्यातलंच पाणी पाजलं. तो तांब्या माझ्या घरात अजून आहे. पाण्यात विष नव्हतं, बायजाबाई. तुमच्या लेकीच्या अंगात ते बाहेर जायची वाट जन्मापासूनच बंद आहे. तुम्हांला कसं कळणार होतं? रक्त पाहिल्याशिवाय मलाही छातीठोक सांगता आलं नसतं." बायजाबाई खूप वेळ पदर तोंडाला लावून रडली. मग परसाकडे तोंड करून तिनं हाक मारली, "मंदे, ये गो भायेर."

मंदाच्या रक्तातही तेच निघालं. हात मात्र अजून शाबूत होते. गोळ्या सुरू झाल्या. सुगंधाची चाल सुधारली, बोलणं सुधारलं, पण बारीक रेघ काही परत आली नाही. ती आता मूर्तींची पीतांबरं रंगवते. तिची जागा मंदानं घेतली. पेणहून जाणाऱ्या कितीतरी गणपतींचे डोळे तिच्या हातचे असतात.

आता जे लिहिते ते बाईंना विचारून लिहिते. गेल्या वर्षापासून बाईंचा उजवा हात मांडीवर असला की थरथरतो. मुंबईच्या डॉक्टरांनी कंपवात सांगितला. मी वेड्यासारखी म्हणाले, "बाई, रक्त तपासू या ना एकदा." त्या हसल्या. "नलिनी, इतकी वर्षं काय ऐकलंस मग?" मी आत जाऊन नळ्या धूत बसले. मला फार रडू आलं.

परवा मंदा नेहमीच्या तपासणीला आली. या गोळ्यांवर असताना अधूनमधून रक्त पाहावं लागतं. बाईंनी हात पदराखाली घेतला आणि म्हणाल्या, "नलिनी, यापुढे तूच घे." मंदानं बाही वर केली आणि हात बाईंच्या पुढ्यात ठेवला. "तुमीच घ्या बाई. मी हालत नाय."

बाईंनी सुई उचलली. हात कामाला लागला की हा कंप थोडा निवतो, हे बाईंनीच मला शिकवलं होतं. शीर पहिल्याच वेळी सापडली.

बाई, तुम्हांला भरपूर आयुष्य मिळो आणि ते चालत्याबोलत्या प्रकृतीत जावो. कंपवात रक्तात दिसायला लागेल त्या दिवशी वडखळला आजोबांच्या घरी जायचंय, विसरू नका. मी तुमच्याबरोबर येईन, कुरकुर न करता.